लवणारी काठी

शहाण्या माणसाने कोणता छंद धरावा, याविषयी आमच्या घरी आजवर पुष्कळ वाद झाले आहेत. परंतु ज्या घरात मासा कधी चुलीवर चढला नाही, त्या घरात मासे धरण्याच्या छंदावर महिना महिना खल चालेल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. तो चालला, याला कारण एक काठी. ही काठी सागाची नाही, वेळूची नाही. ती काचेची आहे. काच म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे कंदिलाची चिमणी नाही तर आरसा उभा राहील, आणि असल्या ठिसूळ वस्तूची काठी करून नदीकाठी काय साधावयाचे, असा प्रश्न त्यांस पडेल. आम्हांसही तो पडला होता. आज मात्र त्या काठीने आम्हांस असे काही वेड लावले आहे की, त्या वेडाचे मूळ शोधून ते वाचकांपुढे मांडावे, आणि त्यात शहाणपण कितपत आहे याचा निवाडा त्यांच्यावरच सोपवावा, असे मनात आले.

आम्ही राहतो कुरखेड्यास. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्याच्या जुन्या अफाट जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. त्यातले हे तालुक्याचे गाव. गावाजवळून सती नदी वाहते. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग अरण्याने व्यापलेला आहे. साग, येन, मोह, तेंदू आणि त्यांच्या अधूनमधून मानवेलाची बेटे. पावसाळ्यात नदी दुथडी भरून जाते आणि वैशाखात डोहांपुरती उरते. नदीखेरीज आमच्या झाडीपट्टीचे दुसरे वैभव म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले; मालगुजारी गेली, तेव्हा ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि त्याचे आद्याक्षरांचे रूप ‘मामा तलाव’ असे रूढ झाले. जलाशयाशी मामाचे नाते जोडणारा प्रांत आमच्याखेरीज दुसरा क्वचितच असेल. या पाण्यात मरळ, मांगूर, रोहू, कतला वगैरे मासे असतात, आणि त्यांवर आमच्याकडील ढिवर समाजाचे पोट अनेक पिढ्या चालत आले आहे.

अशा या गावात ही काठी आली ती आमच्या पुतण्याबरोबर. हा मुलगा अमेरिकेत नोकरीस असतो. दिवाळीस घरी आला तेव्हा सामानातून त्याने सात फुटांची, दोन तुकड्यांत जोडता येणारी, मधाच्या रंगाची एक काठी बाहेर काढली. हातात घेतली तर वजन जेवणातल्या पळीएवढे. टोकाशी धरून किंचित हलवताच ती थेट मुठीपर्यंत लवली व पुन्हा सावकाश सरळ झाली. ‘काका,’ तो म्हणाला, ‘या काठीने माशीवर मासा धरतात.’ मासा आणि माशी हे शब्द मराठीत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात खरे. पण त्यांचा असा संबंध आम्ही प्रथमच ऐकला. माशी म्हणजे खरी माशी नव्हे. लहानशा गळावर कोंबड्याचे पीस व लोकर यांचे वेटोळे बांधून पाण्यावर पडलेल्या किड्याचा आभास उत्पन्न करतात, त्यास तिकडे माशी म्हणतात. ही युक्ती नवी नाही. मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे गळास बांधून मासे फसवितात, असे ईलियन नामक ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेविले आहे.

आता यात खुबी कोठे आहे, ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे गरी टाकतात, तेव्हा गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी असते, वर एखादा शिशाचा तुकडा असतो; ते वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागून जाते. माशीला मुळी वजनच नाही. पीस फेकून पाहा, ते हातभरही जावयाचे नाही. म्हणून येथे वजन असते ते दोरात. आमच्या काठीचा दोर पाच नंबरचा आहे. याचा अर्थ असा की त्याच्या पहिल्या तीस फुटांचे वजन सुमारे नऊ ग्रॅम भरते. हा दोर प्रथम आपल्या पाठीमागे हवेत उडवावयाचा. तो मागे पूर्णपणे उलगडला की त्याच्या ओढीने काठी लवते, आणि त्याच क्षणी हात पुढे आणला म्हणजे लवलेली काठी सरळ होता होता दोरास पुढे सोडते. दोर डोहावर उलगडत जातो आणि त्याच्या अखेरीस बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरते. मागे गेलेला दोर उलगडण्यापूर्वीच घाई केली, तर आसुडासारखा कडाका वाजतो आणि सगळा दोर पायांशी गोळा होतो. उशीर केला, तर माशी मागच्या पळसात अडकते. या दोहोंच्या मधला जो एक क्षण, त्यात काहीही न करता उभे राहावयाचे असते. सारी विद्या त्या क्षणात आहे.

काठीची कुळकथाही मोठी मौजेची आहे, आणि तिचा एक धागा आमच्या अरण्यापर्यंत येऊन पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील व इंग्लंडातील कारागीर बांबूच्या उभ्या चिरफळ्या काढून, त्या घोटून व एकमेकींस चिकटवून गळाच्या काठ्या करू लागले. तो बांबू हिंदुस्थानातून जाई, आणि बंदराच्या नावावरून त्यास तिकडे ‘कलकत्ता’ असेच नाव पडले होते. तो आमच्या मानवेलाच्याच जातीचा, असे जाणकार सांगतात. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील बांबू अधिक सरळ व चिवट ठरला. त्याला टोंकिन म्हणू लागले आणि कलकत्त्याची सद्दी संपली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा टोंकिनचीही वाट अडली. परंतु तोवर काच तयार होती. काचेचा रस करून त्याचे केसाहून बारीक तंतू काढण्याची कृती अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात साधली होती. हे तंतू राळेत बसवून १९४४ च्या सुमारास आर्थर हॉवल्ड या गृहस्थांनी काठी बनविली, आणि महायुद्ध संपल्यावर शेक्सपियर नामक कंपनीने तशा काठ्या बाजारात आणल्या. हा शेक्सपियर नाटककार नव्हे, हे इंग्रजी शिकलेल्या वाचकांस सांगितलेले बरे! काचेची काठी स्वस्त होती, पाण्याने फुगत नव्हती, वाळवी तिला लागत नव्हती. वीस-पंचवीस वर्षे तिने राज्य केले. १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या तंतूंची काठी आली आणि काच अडगळीत गेली.

आणि येथेच आमच्या कुतूहलास आरंभ झाला. कार्बनची काठी काचेहून हलकी; तिच्या तंतूंचा ताठपणा काचतंतूंच्या तिपटीहून कमी नाही; तिने दोर अधिक दूर जातो व अधिक वेगाने जातो. असे असताना तिकडील कित्येक माणसे हौसेने पुन्हा काचेकडे का वळली? पुतण्याने उत्तर दिले ते असे, ‘काका, कार्बनची काठी शेंड्याशी लवते आणि झटकन सरळ होते. काच मुठीपर्यंत लवते. तिच्यात दोराचे वजन कोठवर आले, हे मनगटाला कळते.’ हे उत्तर बरोबर आहे, याचा अनुभव आम्ही पुढे स्वतः घेतला. ताठ काठीस चुकार वेळ खपत नाही, पण घाई मात्र तिला चालते. काचेला घाई चालत नाही. तुम्ही कितीही उतावीळ असलात, तरी तिला लवावयास जितका वेळ लागतो तितका ती घेतेच, आणि तुम्हांस तिच्याबरोबर थांबावे लागते. मासा लहान असला तरी तिच्या अंगात त्याची प्रत्येक हालचाल उमटते. आणि अखेरचा धागा केसासारखा बारीक असला तरी काठीच सगळा झटका आपल्या अंगावर घेत असल्यामुळे तो तुटत नाही. घरातील एखादी वडीलधारी बाई सर्वांचे बोलणे ऐकून घेते, वाकते, आणि त्यामुळेच घर मोडत नाही. तसाच हा प्रकार.

आमचे आयुष्य शाळेच्या घंटेवर गेले. घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर. सेवानिवृत्तीनंतर घंटा थांबली, पण कानांतली थांबेना. देवपूजेस बसलो तरी पुढच्या कामाचा हिशेब चाले. ज्या दिवशी दोर मागे उलगडण्याची वाट पाहावयास शिकलो, त्या दिवशी प्रथमच असे झाले की, मनात पुढचे काही नव्हते. सतीचे पाणी होते, पलीकडच्या काठावर एक खंड्या बसला होता, आणि पाठीमागे हवेत एक दोर सावकाश सरळ होत होता. एवढेच काय ते होते. या सुखास काय नाव द्यावे ते आम्हांस कळत नाही. पण ज्यांना सतारीची किंवा सुताराच्या रंध्याची सवय आहे, त्यांस ते सांगावे लागणार नाही.

परंतु सुख आपले आणि गळ दुसऱ्याच्या तोंडात, ही गोष्ट घरात फार दिवस झाकून राहणे शक्य नव्हते. प्रश्न काढला तो वहिनींनी. पुतण्या त्यांचाच मुलगा. त्याने आईस समजावून सांगितले की, गळाच्या टोकाशी जे उलटे दात असते ते चेपून टाकलेले असते, मासा पाण्यातच हळूच सोडवितात, तो जिवंत परत जातो, कोणी त्यास मारीत नाही. वहिनींनी सगळे ऐकून घेतले व आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, ज्याला खायचे आहे त्याने मासा धरला तर मी समजू शकते. जो आपण खाणार नाही, त्याच्या तोंडात काटा घालायचा आणि वर सोडून दिल्याचे पुण्य मानायचे, हे मला समजत नाही.’ चार दिवसांनी नदीवर एका वृद्ध ढिवर गृहस्थांनी निराळ्या शब्दांत तेच विचारले. आमची फेक बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘गुरुजी, काठी त लय बेस लवते जी. पन धरून सोडूनच द्यायची, त मंग एवढा खटाटोप कायले?’ एकीकडून दयेने आणि दुसरीकडून पोटाने विचारलेला प्रश्न एकच निघाला, तेव्हा त्यास उत्तर देणे भाग झाले.

आमच्या स्वभावाप्रमाणे आम्ही प्रथम पोथ्यांकडे धाव घेतली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नामक जो प्रचंड ग्रंथ रचिला, त्यातील विनोदविंशतीत मत्स्यविनोद हे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचे खाद्य, गळ, दोर, काठी यांचा त्यात सविस्तर विचार केला आहे. हा छंद साहेबांनी आणला, असे म्हणणाऱ्यांस हे वाचून आश्चर्य वाटेल; ऐझॅक वॉल्टनचा गळासंबंधीचा प्रख्यात इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा, म्हणजे सोमेश्वरानंतर पाच शतकांहून अधिक काळाने आलेला. पण सोमेश्वर राजा होता आणि मत्स्यविनोद हा त्याचा विनोद होता. दुसऱ्या बाजूस अशोकाचा पाचवा स्तंभलेख आहे. त्यात विवक्षित तिथींस मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा आहे. एकाने छंद सांगितला, दुसऱ्याने दिवस मोजून दिले. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर दोघांपाशीही मिळाले नाही.

मग विज्ञानाकडे वळलो. मासा थंड रक्ताचा, त्यास कसली वेदना, असे म्हणण्याचा प्रघात होता. २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशास आपल्यासारखे दुःख होते किंवा कसे, यावर पंडितांचे वाद अद्याप चालू आहेत. पण ‘त्याला काही कळतच नाही’ ही पळवाट तेव्हापासून बंद झाली. ढिवराचे तसे नाही. तो मासा मारतो आणि मारतो असेच म्हणतो. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटते. त्याच्या जाळ्यात आणि आमच्या काठीत जो फरक आहे तो त्याच्या बाजूचा आहे, आमच्या बाजूचा नाही, हे आम्हांस मान्य करावे लागले.

अखेर घरच्या बैठकीत जो तोडगा निघाला तो धाकट्या सूनबाईंचा. त्या म्हणाल्या, ‘मामंजी, तुम्ही म्हणता की मौज माशात नाही, काठीत आहे. मग गळाचे टोक कापून टाका आणि पाहा. मौज उरली तर तुमचे म्हणणे खरे.’ इतकी सरळ परीक्षा आम्ही वर्गातही कधी घेतली नव्हती. त्याच सायंकाळी पकडीने सर्व माश्यांचे गळ बाकापाशी छाटून टाकले. आता उरले ते पीस, लोकर आणि लोखंडाची एक बोथट दांडी.

परीक्षेचा निकाल वाचकांस प्रामाणिकपणे सांगावयास हवा. मौज उरली. पुरती उरली, असे मात्र म्हणवत नाही. मरळ खालून काळ्या सावलीसारखी येते, पाण्याचा पृष्ठभाग फुगतो, ‘टप्’ असा आवाज होतो, काठी क्षणभर मुठीपर्यंत लवते. आणि लोकर खाण्याजोगी नाही हे मरळीस कळताच ती थुंकून टाकते व निघून जाते. एका जिवंत प्राण्याचे वजन पाच-दहा मिनिटे हातात खेळविण्याचा जो आनंद, तो या क्षणात मावत नाही. पुतण्याने दूरध्वनीवर हे ऐकले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘काका, हे अळणी जेवण झाले.’ झाले खरे. परंतु आमच्या वयास अळणी जेवण वैद्यही सांगतात, आणि त्याची सवय झाली की भाताची स्वतःची चव लागू लागते. मागे उलगडणारा दोर, लवणारी काठी, थांबण्याचा तो क्षण, यांतले काहीही गळाबरोबर कापले गेले नाही.

तथापि गळ कापला म्हणजे सगळा प्रश्न कापला गेला, अशा समजुतीत मात्र आम्ही राहिलो नाही. आणि याचे श्रेय त्या वृद्ध ढिवर गृहस्थांस आहे. श्रावणात एके दिवशी एका मामा तलावाच्या काठी आम्ही काठी जोडीत होतो. त्यांनी आमचा हात धरला व पाण्याकडे बोट दाखविले. पृष्ठभागावर कुंकू सांडावे तशी तांबूस पिल्लांची एक रास हलत होती आणि तिच्याखाली दोन मोठ्या मरळी फिरत होत्या. मरळ हा मासा हवेत श्वास घेण्यासाठी वर येतो, आणि नरमादी दोघेही पिल्लांची राखण करतात. त्या दिवसांत जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ती धावून जातात. अशा वेळी माशी टाकली असती, तर मरळ हमखास आली असती. तेवढ्या वेळात पिल्लांपाशी दुसरे मासे आले असते. बोथट दांडीने त्यांचे संरक्षण झाले नसते. ते गृहस्थ एवढेच म्हणाले, ‘आता नाही जी. पिल्ले हायेत.’ ज्यांचे पोट त्या मरळीवर आहे, तेच हात आवरीत होते. आम्ही काठी उलगडली व पिशवीत घातली.

त्यांच्याकडूनच आम्हांस नदीची सध्याची स्थितीही कळली. कोठे कोणी पाण्यात विष कालवतो, कोणी विजेची तार सोडतो. एका रात्रीत डोहातला लहानमोठा सगळा जीव उलटा होतो आणि पुढची दोन वर्षे तेथे जाळे रिकामे येते. कोठे रेती इतकी उपसली जाते की, अंडी घालावयास उथळ जागा उरत नाही. हे सर्व थोड्या वेळात पुष्कळ मिळविण्याचे मार्ग आहेत. आमच्या काचेच्या काठीने यातले काहीही थांबणार नाही, हे उघड आहे. परंतु जो मनुष्य तीन-तीन तास एका डोहापाशी उभा राहतो, त्यास त्या डोहात काय बिघडले ते इतरांहून आधी दिसते. आणि गेल्या वर्षी मेलेल्या माशांची पहिली वर्दी ग्रामसभेस आम्हीच दिली, एवढा उपयोग या निरुपयोगी छंदाचा झाला.

आता वाचकांपैकी कोणास हा छंद करावासा वाटला, तर परदेशी काठी मागविण्याची आवश्यकता नाही. त्याच ढिवर गृहस्थांनी आमच्या नातवासाठी एक मानवेलाची काठी करून दिली आहे. खाली अंगठ्याएवढी जाड, शेंड्याशी उदबत्तीएवढी बारीक, निखाऱ्यावर शेकून सरळ केलेली. जुना दोर तिला बांधून पाहिला, तो काय आश्चर्य! ती काचेच्या काठीसारखीच मुठीपर्यंत लवते. ज्या बांबूची जागा घेण्यासाठी काच जन्मास आली, त्याच्याच जातीचा वेळू आमच्या दारी उगवत होता. काचेने आम्हांस त्याची ओळख करून दिली, असेच म्हटले पाहिजे.

नातू आठ वर्षांचा आहे. जेवताना तो थांबत नाही, अभ्यासाला बसताना थांबत नाही, आणि बोलताना तर मुळीच थांबत नाही. रविवारी सकाळी मात्र तो आमच्या शेजारी वाळूत उभा राहतो, दोर मागे टाकतो, आणि ओठांतल्या ओठांत ‘एक, दोन’ असे मोजतो. कधी दोन म्हणण्यापूर्वीच त्याचा हात पुढे येतो आणि दोर त्याच्या डोक्यावर पडतो. तेव्हा आम्ही काही बोलत नाही. तो स्वतःच दोर सोडवितो आणि पुन्हा मोजावयास लागतो.